दराबाचा दुधाचा दात

सुमनताईंनी कुत्र्याचा वरचा ओठ बोटाने उचलला, आत डोकावल्या आणि ओरडल्या, "अहो, इकडे या! याला एकाच जागी दोन-दोन सुळे आहेत!"

खरं म्हणजे त्या सुळे शोधायला निघाल्याच नव्हत्या, वास शोधायला निघाल्या होत्या. आठवडाभर बैठकीत कसलासा वास दबा धरून बसला होता. सोफा सरकवून झाला, गालिचा गच्चीवर उन्हात टाकून झाला, दापोऱ्याहून आलेल्या केळीच्या घडावर उगाच आळ घेऊन झाला, मागे पाल मेली असेल म्हणून फ्रिजही हलवून झाला. शेवटी दराबा त्यांच्या मांडीवर चढला, त्याने त्यांच्या नाकासमोर ऐसपैस जांभई दिली आणि तपास तिथेच संपला.

दराबा हा त्या घरातला पोमेरेनियन. रवा, साखर आणि तूप फेटून फेटून बुऱ्हाणपुरात जी पांढरी, फुललेली मिठाई करतात, तिच्याच रंगाचा आणि तिच्यासारखाच फुगलेला, म्हणून दराबा. अंघोळ घातली की सगळा फुगारा उतरायचा आणि आतून मूठभर जीव निघायचा.

"दोन असू देत नाहीतर चार," नाना पेपरामागून म्हणाले. "आणि वास कसला? मला तर काही येत नाही."

सुमनताईंना लहानपणापासून एक खोड होती. वस्तू दिसली की तिच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माहेरी त्यांनी वडिलांचा रेडिओ उघडला होता. सासरी आल्यावर मिक्सर उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आणि एकदा तर गॅसवाल्याच्या देखत रेग्युलेटर. शाळा आठवीतच सुटली होती, पण उघडलेलं सगळं त्यांनी पुन्हा जोडून चालू केलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही एकच वस्तू त्यांना उघडून बघता आली नव्हती. नवऱ्याचं तोंड.

गजाननराव, म्हणजे अख्ख्या गल्लीचे नाना, बिजली ऑफिसातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. भर पावसात खांबावर चढलेला माणूस. बिल न भरणाऱ्या भल्याभल्यांची लाइन भर बाजारात कापलेला माणूस. पण हसायचा तो मिशीच्या आत. भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाण्यांचा कूट करून खायचा, पेरू तर नुसता वास घेऊन परत ठेवायचा. दातांचं कुणी विचारलं की नाना म्हणत, "माझा जळगावला डॉक्टर आहे." हा डॉक्टर कुणी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या कुठल्या घरात हे खपून गेलं असतं. पण नानांच्या घरात रस्त्याकडच्या खोलीतच दातांचा दवाखाना होता आणि तो त्यांच्या सुनेचा, मुलाच्या म्हणजे पंकजच्या बायकोचा होता.

दीपालीने इथे, बुऱ्हाणपूरच्या शनवारा गेटजवळ, दवाखाना उघडला तेव्हा पहिल्या दिवशी नारळ फोडायला सगळी गल्ली आली होती. दुसऱ्या दिवशीपासून कुणी आलं नाही. निळी खुर्ची, वरचा दिवा, पाणी उडवणारी नळी, सगळं नवंकोरं होतं आणि प्लास्टिकखाली झाकलेलं होतं. समोरच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या मालूबाईंनी निकाल कधीच देऊन टाकला होता. "सासराच बसंना तिच्या खुर्चीत, मग आपण कायको जायचं? घरच्याच माणसाला भरोसा नाही, तर बाहेरच्याने का मरायचं?"

सुमनताईंनी नवऱ्याला किती परीनं सांगून पाहिलं. नाना एकच बोलत. "सुनेसमोर सासऱ्याने आ वासून बसायचं? अगं, काही मर्यादा आहे की नाही? ती माझ्यासमोर मोठ्याने बोलत नाही आणि मी तिला माझी पडजीभ दाखवू?"

आणि गेल्या आठवड्यात दीपाली भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली होती, "आई, होळीपर्यंत बघते. नाहीतर इंदूरच्या हॉस्पिटलमध्ये जागा आहे. पंकजची फिरतीची नोकरी, त्याला काय, तिकडूनही जमेल." सुमनताईंनी मान हलवली होती आणि चांगली मेथी टाकून देऊन देठं पातेल्यात घातली होती. इंदूर काही सातासमुद्रापार नाही. पण सून गेली की त्या घरात उघडून बघण्यासारखं तरी काय उरणार होतं?

तर, दोन सुळे.

दराबाला पदराखाली घेऊन सुमनताई डॉक्टर निरंजनकडे गेल्या. निरंजन ढोरांचा डॉक्टर. सगळा दिवस जसोंडी-दापोऱ्याच्या गोठ्यांमधून फिरायचा, अंगाने पैलवान. आताही त्याच्या हातात खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा होता. त्याने मोजा काढला, साबणाने हात धुतले आणि दराबाचं तोंड दोन बोटांनी उघडलं.

"काकू, मी तर दात बघतो ते म्हशीचे. ते पण वय ओळखायला," तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "पण हे बघा, मजा आहे. कुत्रं केवढं पण असो, दात तेवढेच, बेचाळीस. अल्सेशियनला बेचाळीस आणि या टिल्ल्यालाही बेचाळीस. जबडा एवढासा. आता शनवाऱ्याच्या गेटमधून एकदम दोन वराती घुसल्या तर काय होईल?"

"चेंगराचेंगरी."

"वहीच! त्यात याचा दुधाचा सुळा पडलाच नाही. बाजूला पक्का आला. दोघांच्या मध्ये अन्न अडकतं, वर ही खपली चढली बघा, पिवळी. दगड झालाय. खालून हिरडी सडते. ब्रशने नाही निघायचं हे. मशीनने साफ करून तो दुधाचा काढायला लागेल."

"मग काढ ना."

"बेहोश करायचं, गळ्यात नळी घालायची, श्वास सांभाळायचा, ते सब मी करतो. पण दात घासायची मशीन माझ्याकडं कुठे? याला इंदूरला न्या."

इंदूर हा शब्द सुमनताईंना आता कुठेच ऐकायचा नव्हता. शिवाय दराबाला गाडी लागायची. रेल्वे स्टेशनपर्यंत नेला तरी रिक्षा धुवावी लागे. पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. मशीन होती. त्यांच्याच घरात, प्लास्टिकखाली, रिकामी बसून होती.

"आई, मी माणसांची डॉक्टर आहे," दीपाली म्हणाली.

"तू फक्त बघ तर खरी."

"नको. लोक आधीच येत नाहीत. उद्या म्हणतील, कुत्र्याच्या तोंडातली मशीन आमच्या तोंडात घालते."

"बरं, नको करू. नुसतं बघ. बघायला काय जातंय?"

दीपालीने नाइलाजाने छोटा आरसा घेतला, ओठ उचलला आणि आणखी जवळ वाकली. मग तिने खुर्चीवरचा दिवा ओढून घेतला. मग दुसरीकडचा ओठ उचलला. सुमनताई खुशीत बघत राहिल्या. ही खोड त्यांच्या ओळखीची होती.

"कित्ती गोड दात आहेत हे," दीपाली स्वतःशीच पुटपुटली. "कात्रीसारखे चालतात एकमेकांवर..." तिने मान वर केली. "पण खुर्चीवर नाही हं, आई. माणसांच्या खुर्चीवर नाही. इस्त्रीचं टेबल आत आणू. मशीनची टोकं वेगळी वापरीन आणि नंतर फेकून देईन. डॉक्टर निरंजन समोर पाहिजेत. रविवारी, दार लावून. आणि एका माणसालाही कळता कामा नये."

"कुणाला कळतंय?" सुमनताई म्हणाल्या.

पहिल्या रविवारी सगळं जमलं होतं. निरंजन आला, टेबल आलं, धुतलेली चादर आली. निरंजनने विचारलं, "रात्रीपासून पोटात काही नाही ना याच्या?"

"काही नाही," नाना फार लवकर म्हणाले.

सुमनताईंनी दराबाकडे पाहिलं. दराबाच्या मिशांचे केस चिकटून एक झाले होते आणि त्यांवरून एक मुंगी मन लावून चालली होती.

"मावा जिलेबी?" त्यांनी विचारलं.

"एक तुकडाच," नाना म्हणाले. "तो बघत होता गं माझ्याकडे."

"जिलेबी आली कुठून घरात?"

नाना घाईने दराबाच्या मिशा पुसायला लागले. निरंजन मध्येच बोलला. "काका, बेहोशीत उलटी झाली आणि ती छातीत गेली तर जीव जाईल याचा. पोट खाली म्हणजे एकदम रिकामं पाहिजे." नानांचा चेहरा उतरला. त्यांनी दराबाला उचलून छातीशी धरलं आणि तिथल्या तिथे शपथ घेतली, की पुढच्या रविवारी हा उपाशी तर मी पण उपाशी, पाण्याचा थेंब घेणार नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी शपथ पाळली. सकाळी चहाचा कप परत केला तेव्हा तर सुमनताईंचे डोळे भरून आले.

दार लावलं. निरंजनने दराबाला सुई दिली, बघता बघता तो पांढरा गोळा सैल पडला, जीभ एका बाजूला आली. नाना ते बघू शकले नाहीत. "मी बाहेर पहारा करतो," म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले. निरंजनने मागवून आणलेली बारीक नळी घशात सरकवली. सुमनताईंच्या हाती एकच काम होतं, दराबाच्या छातीकडे बघत राहायचं. छाती वर, छाती खाली. पण त्यांचा एक डोळा छातीवर होता आणि दुसरा तोंडात. दीपालीने मशीन चालू केली, पाण्याची बारीक चिळकांडी उडाली, आणि पिवळा दगड तुकड्या-तुकड्याने सुटून खाली पांढराशुभ्र दात दिसायला लागला. जुन्या देव्हाऱ्यावरचा शेंदूर खरवडावा आणि खाली चांदी निघावी, तसं.

"अय्या!" सुमनताई म्हणाल्या.

"छाती, आई," दीपाली म्हणाली.

सगळं ठीक होतं. फक्त मशीनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मागच्या बोळात ठेवलेला होता, आणि रविवारच्या शांततेत तो ट्रॅक्टरसारखा घुरघुरत होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मालूबाईंच्या लगेच लक्षात आलं. दाढेत लवंग धरून त्या रस्ता ओलांडून आल्या.

खिडकीच्या फटीतून सुमनताईंना सगळं ऐकू येत होतं.

"काय वो नाना, आज सुट्टीच्या दिवशी बहूचं दुकान चालू कसं? कोणी पेशंट आला का काय?"

"नाही... हो," नाना म्हणाले.

"कोण?"

नाना मिशी चोळायला लागले.

"आणि ही फटफटी तर निरंजनची दिसते. ढोरांचा डॉक्टर आत काय करतो?" मालूबाईंनी आवाज चढवला. "ए गिरधर! इधर आ जरा! बघ, बहूच्या दवाखान्यात ढोरांचा डॉक्टर बसलाय! माय वं, तो तर शिकवत नाही ना हिला?"

कोपऱ्यावरचा किराणावाला गिरधर वजनाचं माप हातात घेऊनच आला. त्याच्यामागून त्याचं गिऱ्हाईक आलं. आत दीपालीचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सुमनताईंना इंदूरची गाडी दिसली.

सुमनताई दाराकडे वळल्या, तेवढ्यात बाहेरून नानांचा आवाज आला. बिजली ऑफिसातला, जुना, खणखणीत.

"पेशंट मी आहे."

आत तिघंही दगड झाले. चौथा तर बेशुद्धच होता.

"तुम्ही?" मालूबाई म्हणाल्या. "आणि तो जळगाववाला?"

"त्याला सोडलं. आमच्या दीपालीच्या हाताची सर नाही त्याला."

"मग निरंजन?"

यावर नानांनी जे सांगितलं ते इतकं आतून आलं होतं की ऐकणाऱ्या कुणालाच शंका आली नाही. "मी घाबरतो," नाना म्हणाले. "दातांच्या खुर्चीला फार घाबरतो मी. लहानपणापासून. कोणी धरल्याशिवाय बसवत नाही. निरंजनला म्हशी धरायची सवय आहे, म्हणून त्याला बोलावला."

सुमनताईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. मर्यादा, पडजीभ, जळगाव... इतक्या वर्षांचं झाकण एका झटक्यात उघडलं होतं, आणि ते उघडायला त्यांना पेचकसही लागला नव्हता.

"मग तुम्ही बाहेर काय करता?" गिरधरने विचारलं.

"सुई दिलीय. बधीर व्हायची वाट बघतोय." आणि बधीर झाल्याचं दाखवायला नानांनी पुढचं वाक्य अर्ध्या तोंडाने बोलायला सुरुवात केली.

गोष्ट इथे मिटली असती. पण मालूबाईंनी पदर सावरला आणि त्या ओट्यावर मांडी घालून बसल्या. "बसते मी. माझी पण दाढ दिवाळीपासून दुखतेय. तुमची निघते कशी ते बघून ठरवते." गिरधर बसला. गिऱ्हाईक बसलं. रस्त्याने जाणारी दोन माणसं, बसलेली माणसं बघून बसली.

नाना आत आले ते घामाने ओले. "आता गं?"

"आता काय?" सुमनताई कुजबुजल्या. "कापूस घ्या तोंडात. जरा वेळाने बाहेर जा आणि म्हणा, निघाली."

"नाना, खोटं नको," दीपाली म्हणाली. पण तिचे दोन्ही हात गुंतले होते. दराबाचा दुधाचा सुळा चिमट्यात आला होता. तिने मनगट जरासं फिरवलं, आणि तो अलगद, मुळासकट बाहेर आला. तिने तो कापसावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, टोकदार, मोत्यासारखा.

"झालं," निरंजन म्हणाला. "आता शुद्धीवर येऊ दे. एकदम फर्स्ट क्लास."

नाना गालात कापूस भरून बाहेर गेले. "निभाली," ते म्हणाले.

"दाखवा," मालूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दाढ! काढलेली दाढ दाखवा. दाढ काढली की दाखवतात सगळ्यांना. माझ्या नणंदेने पुडीत बांधून सगळ्या नात्यात फिरवली होती."

नाना आत आले. टेबलावर एकच दात होता. नवऱ्याच्या मनात काय आलं ते सुमनताईंना कळलं, आणि त्या "अहो, नको" म्हणेपर्यंत कापसासकट दात बाहेर गेलाही होता.

मालूबाईंनी चष्मा लावला. दात तळहातावर घेतला. उन्हाकडे धरला. ओट्यावरची सगळी डोकी त्या तळहातावर वाकली.

"एवढीशी?" मालूबाई म्हणाल्या.

"हं," नाना कापसातून म्हणाले.

"नाना, हा तर दुधाचा दात आहे."

दात खरोखरच दुधाचा होता, त्यामुळे नाकारायचं तरी कसं? नानांनी कापूस एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "राहिला होता," ते म्हणाले. "लहानपणापासून."

गिरधर हसला नाही. तो काळजीने म्हणाला, "पण हे टोक बघा. आमच्या मांजराचे असतात असे."

आणि तेव्हा आतून आवाज आला. आधी बारीक कण्हणं, मग एक लांब, झोपाळू, जगावर रुसलेला हेल. दराबा जागा झाला होता.

दार उघडलं. दारात दीपाली उभी होती, ॲप्रन घालून, हातावर चादरीत गुंडाळलेला दराबा. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्वच्छ होता. "मावशी, तो दात याचा आहे. नाना माझ्यासाठी खोटं बोलले. मी याचे दात साफ केले, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या टोकांनी. माणसांच्या खुर्चीला याचा केसही लागला नाही. कुणाला पटत नसेल तर आत येऊन बघा. नाहीतर... नाहीतर राहू द्या."

सुमनताई तिच्यामागे उभ्या होत्या. त्यांना वाटलं, गेली सून.

मालूबाईंनी दराबाकडे पाहिलं. दराबाने मालूबाईंकडे पाहिलं आणि त्याचा ओठ अजून थोडा बधीर असल्याने आपोआप वर राहिला. आत एका रांगेत लख्ख दात.

"माय वं," मालूबाई हळूच म्हणाल्या. "माझ्या सुनेचे पण इतके साफ नाहीत." त्यांनी वाकून वास घेतला. "याच्या तोंडाचा तर रस्त्यापलीकडं वास यायचा."

"तुम्हालाही यायचा?" सुमनताईंच्या तोंडून निघून गेलं.

"यायचा? आम्ही खिडकी लावून जेवायचो." मालूबाईंनी बोट पुढे केलं आणि भीत भीत त्या पांढऱ्या सुळ्याला लावलं. "चावला नाही तुला?"

"बेहोश होता, मावशी."

"आणि आता दुखतंय याला?"

दराबाने उत्तरादाखल मालूबाईंचं लवंगेचा वास येणारं बोट चाटलं. मालूबाई सरळ झाल्या. त्या विचार करताना जीभ दुखऱ्या दाढेवर फिरवत, तशी आताही फिरवली. "जी पोरगी कुत्र्याला दुखू देत नाही, ती माणसाला काय दुखवणार?" त्या म्हणाल्या. "मी बसते खुर्चीत."

ओट्यावर हालचाल झाली.

"पण आधी नाना," मालूबाई म्हणाल्या.

"मी?" नानांच्या तोंडातून कापूस पडला.

"का? तुम्हीच म्हणाले ना, पेशंट मी आहे म्हणून. सगळ्यांनी ऐकलं."

"अहो, पण मर्यादा..."

"कसली मर्यादा? भ्या वाटते, ते पण तुम्हीच सांगितलं." मालूबाईंनी दाराआडून डोकावणाऱ्या निरंजनकडे बोट दाखवलं. "आणि धरायला माणूस हजर आहे."

निरंजनने बाह्या वर केल्या.

नानांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, नुसती दराबाला थोपटत उभी होती. नानांनी खाकरून घसा साफ केला. "येतो," ते म्हणाले. "जरा तोंड धुऊन येतो."

ते आतल्या खोलीत गेले. सुमनताईंनी कान दिला. नळाचा आवाज आला नाही. कॉटखालची पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि मग झाकणाचा खट्ट. ती नानांची नोकरीतली हत्यारांची पेटी. पक्कड, पेचकस, टेस्टर. "करंट असतो त्यात, हात लावू नको," असं नानांनी बजावलं होतं, म्हणून ती पेटी सुमनताईंनी उघडायच्या वस्तूंत कधी धरलीच नव्हती. आता न उघडताच त्यांना कळलं, जिलेबी कुठे राहते ते.

नाना परत आले ते एकदम मोकळे होऊन. खुर्चीजवळ थांबले. ओट्यावरची सगळी मंडळी दारातून आत बघत होती.

"अरे अरे अरे!" नाना कपाळाला हात लावून म्हणाले. "बसलोच असतो गं दीपाली. पण आत गेलो आणि सवयीने काहीतरी तोंडात टाकलं बघ. आता पोट खाली नाही. निरंजन म्हणालाच होता, पोट एकदम खाली पाहिजे म्हणून. आता काय, पुढचा रविवार."

दीपालीने सासऱ्यांच्या मिशीकडे पाहिलं. मिशीच्या टोकाला पाकाचा थेंब चमकत होता.

"किती खाल्ल्या, नाना?"

"दोन. मोठ्या."

"छान केलंत," दीपाली म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "माणसांना पूर्ण बेहोश नाही करत आम्ही. फक्त दात बधीर करतो. त्याला खाऊनच यावं लागतं. उपाशी असतात त्यांनाच चक्कर येते. मी आता तुम्हाला तेच सांगणार होते, की सकाळपासून उपाशी आहात, आधी काहीतरी खाऊन घ्या."

नानांनी निरंजनकडे पाहिलं. निरंजनने मान डोलावली. "बरोबर आहे, काका."

खुर्चीवरचं प्लास्टिक निघालं. नाना बसले. निरंजनने मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, हळुवार, जसा तो बुजऱ्या वासरावर ठेवायचा. दिवा लागला. सुमनताई दराबाला पदरात घेऊन जितक्या जवळ येता येईल तितक्या जवळ आल्या.

"आ करा, नाना."

नानांचे ओठ मिटलेलेच राहिले. त्यांनी डोळ्यांनी सुमनताईंना काहीतरी विचारलं, सुमनताईंनी डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं. तरी ओठ मिटलेले. मग पदरातून, गुंगीत असलेल्या दराबाने बेचाळीसच्या बेचाळीस दात दाखवत एक मोठी जांभई दिली. जांभई ती, दुसऱ्याला लागायचीच. नानांनी फार आवरली, पण आवरेना.

सुमनताई वाकल्या. इतक्या वर्षांनी त्यांनी आत पाहिलं. पाहिलं आणि पहिली गोष्ट त्यांना ही कळली, की त्या वासाचा आळ त्यांनी बिचाऱ्या एकट्या दराबावर घ्यायला नको होता.

दीपालीने आरसा फिरवला. एकदा, दोनदा. "नाना," तिने विचारलं, "जळगावच्या डॉक्टरांनी इथे काहीच केलेलं दिसत नाही?"

"फा' ज'पून काम क'तो तो," नाना उघड्या तोंडाने म्हणाले.

"जरा लवकर आटपा," दारातून मालूबाई म्हणाल्या. "माझ्यामागे गिरधरचा नंबर आहे."